तिथी पाहून लेन्स

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा फोटो काढायला निघणाऱ्याने कॅमेऱ्याची बॅग भरण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघावं. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास समुद्र भरलेला आणि ओहोटी ऐन दुपारी, ऊन डोक्यावर असताना. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीच्या आधी. हिशोब तासाभराने इकडेतिकडे होतो, पण बेत ठरवायला पुरतो.

पौर्णिमेच्या संध्याकाळी समुद्र लांब मागे गेलेला असतो. किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, ओल्या वाळूत आभाळ उतरतं, तट अगदी जवळून अंगावर येतो. तिथे रुंद कोन पकडणारी २४ मिमीच्या आसपासची लेन्स लागते. अष्टमीच्या संध्याकाळी त्याच किल्ल्याच्या तटाला पाणी लागलेलं असतं आणि आपण किनाऱ्यावरच अडकलेले असतो. सूर्य किल्ल्यामागे बुडताना तटाची काळी रेघ हवी तर ७०-२०० मिमीची लेन्स काढावी लागते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी पुरतं उतरत नाही. अशा वेळी किल्ल्यावर जायला घोडागाडी बरी. किल्ला एकच, गाव एकच, मधे आठ दिवस गेले की लेन्स बदलते.

फोटोग्राफी शिकवणारी माणसं एक सल्ला हमखास देतात, झूम फिरवण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. डोंगरावर, बाजारात, लग्नात हा सल्ला सोन्यासारखा आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तो समुद्र मान्य करेल तेवढाच चालतो. उरणपासून हरिहरेश्वरपर्यंत या पट्ट्यात डोळ्यांत भरणाऱ्या निम्म्या गोष्टी पाण्यापलीकडे आहेत: खांदेरी, उंदेरी, जंजिरा, पद्मदुर्ग, खाडीच्या चिखलातले पक्षी, दूर नांगरलेले मचवे. म्हणून इथे कॅमेरा घेताना किती मेगापिक्सेल हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. मला जे टिपायचं आहे त्याच्या किती जवळ मला जाता येणार आहे, हा पहिला.

आधीच्या पिढीला हा घोळ नव्हता. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या काळातल्या हौशी फोटोग्राफरांपैकी एक होते. तेव्हा काचेवर रसायन ओलं असेपर्यंत फोटो काढून धुवायचा असे, म्हणजे अंधारखोली सोबत न्यायची. पुढे मध्यमवर्गाच्या घरात आला तो बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री: एक लेन्स, एका रोलमध्ये १२ फोटो, बदलण्यासारखं जवळजवळ काही नाही. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म घालायची आणि अलिबागला गेल्यावर सगळ्यांना सूर्याकडे तोंड करून उभं करायचं. त्या फोटोंत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, पण कोणाला लेन्स चुकल्याची खंत नसते.

आता चित्र उलटं आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; २०२३ साली तो आकडा ८० लाखांच्या आत आला. मधली सगळी जागा फोनने खाल्ली, आणि रास्तच खाल्ली. पौर्णिमेच्या ओहोटीतला कुलाबा, काशीदची पांढरी वाळू, नागावच्या नारळी-पोफळीच्या वाडीतली सावली हे सगळं चांगला फोन असं टिपतो की स्वस्तातल्या कॅमेऱ्याच्या सोबत येणाऱ्या लेन्सने लाजावं. तेव्हा आज वेगळा कॅमेरा विकत घेणारा माणूस पैसे मोजतो ते फोनला जमत नाही त्यासाठी. फोनला लांबचं जमत नाही, कमी उजेडात पळणारं जमत नाही. बाकी दुकानदार जे सांगतो त्यातलं पुष्कळसं सोडून दिलं तरी चालेल.

लांबचं म्हणजे किती, याचा हिशोब शाळेच्या गणितात बसतो. सेन्सरवर पडणारी प्रतिमा म्हणजे वस्तूचा आकार गुणिले लेन्सची लांबी, भागिले अंतर. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड या किनाऱ्यावरचा राजा. पंख पसरले की सुमारे दोन मीटर. तो १०० मीटरवरून जातो आहे आणि हातात ४०० मिमीची लेन्स आहे, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा आठ मिलिमीटरची पडते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. त्यात आठ मिलिमीटर म्हणजे पावपेक्षाही कमी. एपीएस-सी नावाचा लहान सेन्सर साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथे तोच गरुड एक तृतीयांश रुंदी भरतो. गरुड मोठा झाला नाही, चौकट लहान झाली.

इथेच बहुतेकांची समजूत अडते. फुल फ्रेम म्हणजे मोठा, मोठा म्हणजे चांगला, म्हणून कर्ज काढून तोच घ्यायचा. पण २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात दर मिलिमीटरला साधारण २५५ पिक्सेल बसतात, ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममध्ये सुमारे २३०. म्हणजे त्या आठ मिलिमीटरच्या गरुडावर लहान, स्वस्त कॅमेरा जास्त पिक्सेल खर्च करतो: जवळपास दोन हजार. तेवढ्यात या अंकाच्या पानावर हातभर नाही, पण वीतभर गरुड नीट छापता येतो. मोठा सेन्सर कमी उजेडात निश्चित चांगला, रंगांच्या छटांतही चांगला. पण पक्ष्यांसाठी हौशी माणसाने आधी लहान सेन्सर आणि लांब लेन्स घ्यावी, असं माझं मत आहे. उलट क्रम परवडणाऱ्याने खुशाल उलट करावं.

या गणिताची दुसरी बाजू आठवडाअखेरीच्या गर्दीत दिसते. गळ्यात जाडजूड, पण लेन्स न बदलणारा सुपरझूम कॅमेरा असलेला कोणी ना कोणी भेटतोच. २०१५ साली आलेल्या निकॉन पी९०० च्या जाहिरातीत २००० मिमी असा आकडा होता. तो खोटा नाही, फक्त तुलनेचा आहे. त्यातली काच प्रत्यक्षात ३५७ मिमीची. सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, क्षेत्रफळात फुल फ्रेमच्या सुमारे तिसावा भाग. अशा कॅमेऱ्याने स्वच्छ उन्हात राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याच्या बुरुजावरची तोफ दिसते, रात्री चंद्रावरचे खड्डे दिसतात आणि घरचे लोक थक्क होतात. मात्र सूर्य मावळला की त्यातून चिखल निघतो. ज्याला पक्षी ओळखायचे आहेत, नोंद ठेवायची आहे, खांद्यावर दोन किलो वाहायचे नाहीत, त्या निवृत्त माणसाला मी हाच घ्यायला सांगेन. ज्याला पहाटेचा पक्षी हवा आहे त्याला नाही.

पहाट आणि झाडी म्हटलं की फणसाड आठवतं. मुरूड आणि रोह्याच्या मधलं हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटर. पाणवठ्यांना इथे ‘गाण’ म्हणतात, आणि उन्हाळ्यात गाणाजवळ दबून बसलं की बरंच काही दिसतं. पण लोक येतात ते शेकरूसाठी. आपला राज्यप्राणी राहतो उंच शेंड्यांवर, पानांच्या दाट छपराखाली, जिथे भर सकाळी अंधार असतो. इथे लेन्सची लांबी कमी पडत नाही, उजेड कमी पडतो.

समजा ४०० मिमी, एफ/२.८ ची लेन्स आहे. शटर सेकंदाचा ५००वा भाग ठेवला तर आयएसओ ८०० वर भागलं. तीच चौकट एफ/८ च्या स्वस्त, हलक्या लेन्सने घ्यायची तर उजेड आठपट कमी, म्हणजे आयएसओ ६४००. फोटोत दाणे दिसणार. हात स्थिर ठेवणारी यंत्रणा कितीही चांगली असो, ती आपला हात थांबवते, शेकरूची उडी थांबवत नाही. मग एफ/२.८ च का घेऊ नये? कारण ४०० ला २.८ ने भागलं की १४३ मिलिमीटर येतात. तेवढ्या रुंदीची काच तोंडाशी बसवावी लागते. तिचं वजन तीन किलोच्या आसपास जातं आणि किमतीत चांगली मोटारसायकल येऊन वर पैसे उरतात. ४०० ला ८ ने भागलं की ५० मिलिमीटर. म्हणून कॅननची १००-४०० मिमी, एफ/५.६ ते ८ ही २०२१ साली आलेली लेन्स ६३५ ग्रॅममध्ये बसते. मधला रस्ता १५०-६०० किंवा २००-५०० मिमीच्या झूमचा, वजन दोन किलोच्या अल्याडपल्याड. हौशी लोकांत सर्वांत जास्त दिसतो तो हाच रस्ता. या लेन्स घेणाऱ्यांपैकी किती जण त्या वर्षभरानंतरही बरोबर नेतात, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. दोन किलोची लेन्स कपाटात ठेवून फोनने फोटो काढणारे भरपूर आहेत. विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणावी. मुंबई-पुण्यात लेन्स भाड्याने सर्रास मिळतात. फणसाडच्या वाटेवर अर्धा दिवस ती खांद्यावर राहिली की उत्तर मिळतं.

जवळ जाणं म्हणजे काय, याचा या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा धडा मात्र कॅमेऱ्याविना घडला. १९३० साली पक्षीतज्ज्ञ सलीम अली बेकार होते आणि किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात आडोसा बांधून त्यात ते तासन्‌तास बसले, एकेका घरट्याकडे बघत राहिले आणि नोंदी करत गेले. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तर मुक्काम करते, आणि मग नर पुढच्या घरट्याला लागतो. एकाच नराचे एकापाठोपाठ असे अनेक संसार त्या आडोशातून उलगडले. हा अभ्यास १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये छापून आला आणि सलीम अलींची शास्त्रज्ञ म्हणून ओळख पक्की झाली. सुगरण चिमणीएवढी, १५ सेंटिमीटरची. ती १०० मीटरवर असेल तर जगातली कुठलीही परवडणारी लेन्स निरुपयोगी. आपण आडोशात बसलो आणि ती सात-आठ मीटरवर आली की ३०० मिमीची साधी लेन्स पुरते: प्रतिमा सहा मिलिमीटरची पडते, म्हणजे वरच्या हिशोबातल्या गरुडाच्या पाऊणपट. शंभर मीटरवरून तेवढी प्रतिमा हवी तर चार मीटर लांबीची दुर्बीण लागेल. पातळ हिरव्या कापडाचा आडोसा काही शे रुपयांत शिवून होतो. कॅमेऱ्याच्या दुकानात तो कोणी दाखवत नाही.

घरट्याजवळ मात्र आडोसाही विचार करून लावावा. सलीम अली नोंदी करत होते, लाइक मोजत नव्हते. म्हसळा-श्रीवर्धनकडे गिधाडांनी पुन्हा घरटी धरली आहेत ती स्थानिक लोकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या अनेक वर्षांच्या राखणीमुळे. तिथे झाडाखाली दहा कॅमेरे गोळा झाले तर गिधाड उठतं आणि अंडं उन्हात पडतं. घरट्याचा फोटो, विशेषतः ठिकाणाच्या नावासह, न काढलेलाच बरा. दिवेआगर-हरिहरेश्वरला कासवाची पिल्लं समुद्राकडे सोडतात तेव्हाही तेच. फ्लॅश पूर्ण बंद, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि पांढऱ्या झोतामुळे त्यांची दिशा चुकते. पहाटेच्या मंद उजेडात ५० मिमी, एफ/१.८ ची लेन्स, वाळूवर पोटावर झोपून. ही लेन्स जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते, आणि लेन्स दुसरी कुठली घ्यावी असं विचारणाऱ्या नव्वद टक्के लोकांना तीच सांगावी.

पक्ष्यांच्या बाबतीत समुद्र कधीकधी आपल्या बाजूनेही काम करतो. उरणच्या पाणजेला हिवाळ्यात चिखले पक्षी येतात. ओहोटी असली की ते खाडीच्या चिखलात दूरवर पसरलेले, ठिपक्यांसारखे. भरती चढू लागली की चिखल बुडतो आणि थवेच्या थवे आतल्या उथळ पाणथळीवर येऊन बसतात. म्हणजे कुलाब्याला ओहोटी साधायची आणि पाणजेला भरती, आणि दोन्हीसाठी बघायचं तेच एक पंचांग. भरतीच्या त्या दोन तासांत ४०० मिमी भरपूर होते. एरवी ६०० मिमी घेऊनही हाती ठिपकेच लागतात. पाणजेला भरतीचं पाणी आत येऊ देण्यावरून वाद झाला आणि तो हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, हे फोटोग्राफरांना माहीत असायला हवं. पाणी बंद झालं तर लेन्स कुठलीही असो, समोर कोरडी जमीन.

सर्वांत सोपी शिकवणी गेटवे ते मांडवा या लाँचवर मिळते, तीही तिकिटाच्या पैशांत. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचमागे उडत येतात, हाताच्या अंतरावर. एरवी पक्ष्यांसाठी पन्नास हजारांची लेन्स लागते अशी समजूत असलेल्या माणसाला इथे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमी पुरते. शटर सेकंदाच्या २०००व्या भागावर ठेवावं, फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर, आणि उन्हाकडे पाठ करून उभं राहावं. पंख कुठे गोठतो, डोळ्यावर फोकस कधी बसतो, पांढरा पक्षी आभाळासमोर काळा का पडतो, हे सगळं तासाभराच्या प्रवासात कळतं. पाकिटातलं फरसाण कुरवांना घालून त्यांना जवळ बोलवायची पद्धत मात्र बंद व्हायला हवी; ते त्यांचं अन्न नाही आणि ते तसेही येतात. पावसाळ्यात ही लाँचसेवा बंद असते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आहे, पण तिचा वरचा मजला उंच. पक्षी डोळ्यांच्या पातळीवर मिळतात ते जुन्या लाँचवरच.

किल्ल्यांचं गणित वेगळं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी भूदृश्यातले १२ किल्ले आले, त्यात आपल्या किनाऱ्यावरचा खांदेरी आहे. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की तो समोर दिसतो, १८६७ पासूनच्या दीपगृहासकट. अनेकांना वाटतं ६०० मिमी लावली की खांदेरीचा तट दगडन्‌दगड दिसेल. दिसत नाही. मधे काही किलोमीटर हवा आहे, तिच्यात बाष्प आहे, आणि नऊ-दहा वाजल्यानंतर तापलेल्या वाळूवरून उठणारी झळ. लेन्स ही झळसुद्धा मोठी करून दाखवते. तट थरथरतो, कडा विरघळतात, आणि माणूस लेन्स सदोष आहे म्हणून दुकानात भांडायला जातो. मुरूडहून पद्मदुर्ग घेतानाही हेच. उपाय दोनच: पाऊस नुकताच थांबलेला सप्टेंबर-ऑक्टोबरचा धुतलेला दिवस आणि सूर्योदयानंतरचा पहिला तास. खांदेरीचा फोटो मे महिन्याच्या दुपारी काढू नये. काढलाच तर काळापांढरा करावा.

जलदुर्ग वरून कसे दिसतात हे मराठी वाचकाला उद्धव ठाकरे यांच्या हेलिकॉप्टरमधून काढलेल्या फोटोंनी दाखवलं. त्यांचं ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक २०१० साली आलं. आता २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोननेही तसं काही काढता येईल असं वाटतं. पण जंजिरा किंवा कुलाबा ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली ठिकाणं आहेत. तिथे ड्रोनला परवानगी लागते, आणि साध्या तिपाईलाही. म्हणून किल्ल्यात जाणाऱ्याने हातात धरून स्थिर फोटो देणारा कॅमेरा बघावा. बॉडीतच स्थिरीकरण असेल तर बुरुजाच्या आतल्या अंधाऱ्या दारूकोठारात त्याचा उपयोग होतो. जंजिऱ्यात शिडाची होडी जेमतेम तासभर थांबते. लेन्स बदलत बसायला वेळ नसतो. १६ ते २४ मिमीच्या दरम्यान रुंद कोन देणारी एकच लेन्स लावून उतरावं.

माणसांबद्दल थोडक्यात. थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूडच्या कोळीवाड्यात लांब लेन्स म्हणजे उद्धटपणा. जाळं विणणाऱ्या आजोबांचा, बोंबील वाळत घालणाऱ्या मावशीचा फोटो समोरच्या घराआडून काढायचा नसतो. ३५ किंवा ५० मिमी लावावी, आधी बोलावं, विचारावं, आणि नाही म्हटलं तर कॅमेरा खाली करावा. भल्या सकाळी मासळी उतरवतानाच्या धांदलीत आपण आडवे येतो हेही ध्यानात ठेवावं. किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि २०२३ मध्ये शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरला, तेव्हापासून तिथे कॅमेऱ्यांचीही शर्यत असते. त्यासाठी ७०-२०० मिमी, शटर १०००वा भाग किंवा वेगवान, आणि उभं राहायची जागा आयोजक सांगतील तीच. बैल वळेल तिकडे वळतो.

आता ज्या विषयावर कॅमेऱ्याची माहितीपत्रकं गप्प असतात त्यावर येऊ. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पाऊस नसतानाही हवा ओली असते. इथे लेन्सचा शत्रू बुरशी आहे. काचेवर बसलेल्या धुळीवर, बोटांच्या तेलकट ठशांवर ती पोसली जाते. हवेतला ओलावा ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला, वर अंधार आणि कोंडलेपणा मिळाला, की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा काचेच्या आत पसरतात. सुरुवातीला फोटोत काही कळत नाही. मग उन्हाकडे कॅमेरा धरला की सगळं धुरकट दिसू लागतं. बुरशीतून निघणारी आम्लं काचेवरचा लेप खातात. दुरुस्ती करणारा बुरशी पुसू शकतो, लेप परत आणू शकत नाही.

गंमत म्हणजे लेन्स सगळ्यात जास्त मरतात त्या जपून ठेवलेल्या. जूनमध्ये चामड्याच्या खोक्यात घालून कपाटात ठेवली आणि दिवाळीला काढली, तर आत बाग तयार. चामडं ओलावा धरून ठेवतं आणि बुरशीला खाद्यही पुरवतं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा घरगुती उपाय तर दुहेरी वाईट: तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची पूड लेन्सच्या रिंगेत शिरते. बॅगेत डांबरगोळ्याही टाकू नयेत. उपाय साधा आहे. स्वयंपाकघरातला रबरी कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि काही शे रुपयांत मिळणारं आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. ३० च्या खाली गेला तर आतलं वंगण आणि रबर सुकतं, तेही नको. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तवा तापवून ते परत कोरडं करता येतं. निळ्या रंगाचं जेल मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. चार-पाच लेन्स झाल्या की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. ते नव्या लेन्सपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगाचं. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे लेन्स वापरणं. उजेड आणि वारा बुरशीला मानवत नाही.

हॉटेलच्या एसी खोलीतून पहाटे थेट किनाऱ्यावर गेलं की थंड काचेवर दव धरतं. बाहेरून पुसलं तरी आत धरलेलं तसंच राहतं. बॅग न उघडता अर्धा तास व्हरांड्यात ठेवावी, चहा घ्यावा, मग उघडावी. परत आल्यावर खारं पाणी उडालेला कॅमेरा कोरड्या फडक्याने घासू नये. मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने आधी टिपावं, मग पुसावं. वारा सुटलेल्या किनाऱ्यावर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला वाळूचं आमंत्रण. या एका कारणासाठी मी इथल्या हौशी माणसाला दोन उत्तम लेन्सऐवजी १८-१४० किंवा २४-१०५ मिमीची एकच मध्यम झूम सुचवतो. कागदावर तिची तीक्ष्णता कमी, पण ती बॉडीवरून उतरत नाही. लांब झूम घेताना फिरवल्यावर बाहेर येणारी आहे की आतल्या आत फिरणारी, तेही पाहावं. बाहेर येणारी प्रत्येक वेळी बाहेरची खारी हवा आत ओढते. ‘हवामान-रोधक’ या शब्दावर फार विसंबू नये. बहुतेक कंपन्या त्यासाठी ठरावीक मानांकन देत नाहीत. ओएम-१ सारखा आयपी५३ असं स्पष्ट लिहून देणारा कॅमेरा अपवाद. लेन्सच्या बुडाला रबराची कड नसेल तर बॉडीचं सीलिंग अर्धंच.

उरला बाजार. कॅमेऱ्याची बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षं चालते. त्यामुळे बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करावा. माउंट निवडताना मात्र पुढच्या वीस वर्षांचा विचार होतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. २०१८ पासून दोघांनी मिररलेससाठी नवे माउंट काढले आणि नवं संशोधन तिकडे गेलं. म्हणूनच जुन्या डीएसएलआरच्या लेन्स आज फार स्वस्तात मिळतात. ज्याचं बजेट चाळीस-पन्नास हजारांत संपतं त्याने नव्या मिररलेसच्या मागे लागून किट लेन्सवर थांबण्यापेक्षा वापरलेला डीएसएलआर आणि त्यावर चांगली झूम घ्यावी, असं मला वाटतं. पुढे मिररलेस घेतलाच तर अडॅप्टरने या लेन्स बहुतेक चालतात, पण मोटार नसलेल्या जुन्या लेन्सचा ऑटोफोकस जातो. ते आधी विचारावं.

वापरलेली वस्तू फोर्टात बोराबाजारच्या आसपास बघावी किंवा ओळखीच्या माणसाकडून घ्यावी, पण दिवसा आणि टॉर्च घेऊन. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून तिरकं पाहावं: बुरशीचं जाळं, धुरकट पडदा, एकमेकांपासून सुटू लागलेल्या काचा असं काही असेल तर त्या उजेडात लपत नाही. पाती उघडझाप करताना तेलकट चमकतात का ते बघावं. बॉडी किनाऱ्यावर राहिलेली असेल तर स्क्रू बोलतात: बुडाचे स्क्रू, तिपाई बसवायचा आटा, फ्लॅशची पट्टी आणि बॅटरीच्या कप्प्यातली पितळी टोकं हिरवी किंवा तांबूस दिसली की हात जोडून उठावं. एफ/१६ वर निरभ्र आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहिला की सेन्सरवरचे डाग मोजता येतात. शटर किती वेळा उडालं आहे तो आकडा मागावा. भारतातली वॉरंटी नसलेला माल फार स्वस्त लागला तर दुरुस्तीचा खर्च किमतीत आधीच धरावा. आणि पक्कं बिल घ्यावं, वस्तूच्या सिरियल नंबरासह. विम्यालाही तेच लागतं.